एक रात्र, एक खोली, पाच प्रश्न

‘विषय कसा शोधायचा?’ पेट झालेली असो, कोर्सवर्क सुरू असो की सिनॉप्सिस लिहायला घेतलेला असो, संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेला प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. त्यामागे बहुतेक वेळा एक समजूत असते. विषय कुठेतरी ग्रंथालयात किंवा गाईडच्या कपाटात ठेवलेला आहे, आणि आपल्या हाती तो अजून लागलेला नाही, इतकंच. मला वाटतं, विषय पोत्याने पडलेले असतात. कमतरता असते ती प्रश्नाची. म्हणजे ज्याचं उत्तर पुरावा बघून देता येईल आणि जे उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्धही जाऊ शकेल, अशा प्रश्नाची.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आज एक उदाहरण सविस्तर घेऊ. मुद्दाम अगदी कंटाळवाणं निवडलंय. युरोपातल्या एका शहरात, साखळी हॉटेलमध्ये एका रात्रीचा मुक्काम. पीएचडीच्या काळात कॉन्फरन्सच्या निमित्ताने असा मुक्काम अनेकांना घडतो. संध्याकाळी पोचायचं, सकाळी पेपर वाचायचा, दुपारी परत. मी बर्लिनमध्ये अशी एक रात्र काढली आहे, म्हणून शहर बर्लिन घेते. हॉटेलचं नाव सांगण्याची गरज नाही. साखळी हॉटेलची गंमतच ही आहे की एक खोली पाहिली की बाकीच्या शेकडो खोल्या पाहिल्यासारख्याच असतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९५२ साली पहिलं हॉलिडे इन उघडलं. फ्रान्समध्ये लील शहराजवळ १९६७ साली पहिलं नोव्होटेल आलं. दोन्हीकडे विकायची वस्तू एकच होती, खात्री. पलंग कुठे असेल, बाथरूम कसं असेल, नाश्ता किती वाजता मिळेल हे प्रवाशाला आधीच माहीत असावं. संशोधकाच्या नजरेने पाहिलं तर ही सोन्याची खाण आहे. हजारो माणसं, जवळजवळ सारखी खोली, जवळजवळ सारखी वागणूक. प्रयोगशाळेत जे मुद्दाम घडवावं लागतं, ते इथे धंद्याच्या गरजेतून आपोआप तयार झालेलं आहे.

आता बुकिंगपासून चेक-आऊटपर्यंत एकेक टप्पा घेऊ आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न काढू.

१. भाडं: ‘दर’ म्हणजे नेमका कुठला दर?

त्याच खोलीचा दर सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा असतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. असं का होतं? आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. विमानातल्या रिकाम्या सीटसारखी ती रात्र उलटली की वाया गेली. त्यामुळे हॉटेलवाल्यासमोर रोज एक पेच असतो: स्वस्तात मागणाऱ्याला आत्ता द्यायची, की जास्त पैसे देणाऱ्याची वाट बघायची?

या पेचाचं एक सुबक गणित बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ साली मांडलं. समजा, एक खोली उरली आहे. आज एक जण ८० युरो द्यायला तयार आहे. शेवटच्या दिवशी १६० युरो देणारा पाहुणा येऊही शकतो. तो येण्याची शक्यता ८० भागिले १६०, म्हणजे निम्म्याहून जास्त वाटत असेल तर खोली राखून ठेवा. नसेल तर आत्ता देऊन टाका. खोल्या दहा असल्या तरी नियम तोच. राखून ठेवलेल्या प्रत्येक पुढच्या खोलीला महागडा पाहुणा मिळण्याची शक्यता कमी कमी होत जाते, आणि ती निम्म्याखाली आली की राखणं थांबवायचं. विमान कंपन्यांकडून ही पद्धत हॉटेलांकडे आली. अमेरिकेत मॅरियटने १९८० च्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर वापरली.

आता प्रश्न तयार करू. ‘हॉटेलं एवढी महाग का?’ हा संशोधन-प्रश्न नाही, ती तक्रार आहे. थोडा घासूया. बर्लिनमध्ये दर मार्चमध्ये आयटीबी हा मोठा पर्यटन-व्यापार मेळा भरतो. मग असं विचारता येईल: ‘मेळ्याच्या आठवड्यातल्या रात्रीसाठी तीस दिवस आधी दिसणारा दर आणि आदल्या दिवशी दिसणारा दर, यांतला फरक नेहमीच्या आठवड्यापेक्षा जास्त असतो का?’

हे बरं झालं, पण खरी मेहनत पुढे आहे. ‘दर’ म्हणजे काय? परतावा मिळणारा की न मिळणारा? नाश्त्यासकट की नाश्त्याशिवाय? बर्लिनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून मुक्कामाच्या मूळ भाड्यावर ७.५ टक्के सिटी टॅक्स आहे; तो तुमच्या आकड्यात धरलाय का? वेबसाईटवर दिसणारा दर आणि पाहुण्याने खरोखर दिलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सगळ्यात फसवं म्हणजे, जे हॉटेल पूर्ण भरलं त्याचा दर दिसतच नाही. मेळ्याच्या आदल्या दिवशी तुमच्या तक्त्यात फक्त न भरलेली हॉटेलं उरतात, आणि ती बाकीच्यांपेक्षा वेगळी असण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या डेटात जागा रिकामी दिसते तेव्हा ती कशामुळे रिकामी आहे हे विचारायची सवय लावा. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

२. रिसेप्शनवरचा फॉर्म: एक पाहुणा, किती आकडे?

जर्मनीत आपण परदेशी पाहुणे म्हणून हॉटेलमध्ये पोचलो की नाव-पत्त्याचा फॉर्म भरून सही करावी लागते. पूर्वी तो जर्मन नागरिकांनाही भरावा लागायचा. १ जानेवारी २०२५ पासून त्यांची सुटका झाली. पर्यटनाची सरकारी आकडेवारी वेगळ्या वाटेने, थेट हॉटेलांकडून गोळा होते. तिच्यात दोन मुख्य गोष्टी मोजतात: आगमनं आणि मुक्कामाच्या रात्री. पहिल्या भागिले दुसऱ्या अशी गल्लत करू नका. रात्रींना आगमनांनी भागलं की सरासरी मुक्काम मिळतो.

बर्लिनचं २०१९ सालचं चित्र असं होतं: सुमारे १.४ कोटी आगमनं, सुमारे ३.४ कोटी रात्री. सरासरी साधारण २.४ रात्री. मग माझ्यासारखे एका रात्रीचे पाहुणे किती? या सरासरीवरून सांगताच येत नाही.

छोटं उदाहरण घ्या. दहा पाहुणे आहेत. पाच जण एकेक रात्र राहिले, पाच जण चार-चार रात्री. एकूण २५ रात्री, सरासरी २.५. आता दुसरे दहा घ्या. पाच जण दोन-दोन रात्री, पाच जण तीन-तीन. पुन्हा २५ रात्री, सरासरी २.५. पहिल्या गटात निम्मे पाहुणे एका रात्रीचे आहेत, दुसऱ्यात एकही नाही. सरासरी मात्र तीच.

याच उदाहरणात एक खोल पाणी आहे. पहिल्या गटात आगमनं मोजली तर एका रात्रीचे पाहुणे निम्मे, ५० टक्के. पण रात्री मोजल्या तर २५ पैकी फक्त ५ त्यांच्या, म्हणजे २० टक्के. समजा, अशा मिश्रणाचे पाहुणे वर्षभर येत-जात राहतात आणि तुम्ही एखाद्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सर्व्हे घेतला. तुम्हाला भेटणाऱ्यांत एका रात्रीचे लोक निम्मे नसतील, साधारण पाचातला एकच असेल. जो जास्त दिवस राहतो तो तुमच्या हाती लागण्याची शक्यताच जास्त. ही अडचण फक्त हॉटेलची नाही. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात जाऊन रुग्ण निवडा, तुरुंगात कैदी निवडा, वसतिगृहात विद्यार्थी निवडा. एका दिवशी जे ‘तिथे आहेत’ त्यांच्यात दीर्घ मुक्कामवाले नेहमी जास्त दिसतात.

शिवाय कोण मोजलंच जात नाही तेही बघायचं. या आकडेवारीत किमान दहा खाटा असलेल्या जागाच येतात. मावसभावाच्या घरी गादी टाकून झोपलेला विद्यार्थी बर्लिनला आलाच नाही, असं ही आकडेवारी म्हणणार. तिची ती चूक नाही, तिची ती व्याख्या आहे. व्याख्या न वाचता आकडा उचलला तर चूक आपली.

३. बाथरूममधलं कार्ड: टॉवेल पुन्हा वापराल का?

बहुतेक साखळी हॉटेलांच्या बाथरूममध्ये एक कार्ड असतं. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा. वापरणार असाल तर दांडीवर टांगा, बदलून हवा असेल तर खाली टाका. या कार्डावर सामाजिक मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग झाला आहे, आणि संशोधन शिकण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला क्वचित सापडलंय.

नोहा गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केव्हिशियस यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातलं, एका राष्ट्रीय साखळीचं मध्यम दराचं हॉटेल, १९० खोल्या. काही खोल्यांत नेहमीचं ‘पर्यावरण वाचवा’ कार्ड ठेवलं. काही खोल्यांत ‘आमचे बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, तुम्हीही वापरा’ अशा अर्थाचं. नेहमीच्या कार्डावर ३५.१ टक्के लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला, दुसऱ्यावर ४४.१ टक्के. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या पाहुण्यांपैकी’ अशी भाषा वापरली तर प्रमाण ४९.३ टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या आधी त्याच खोलीत राहिलेला अनोळखी माणूस आपला कोण लागतो? कुणीच नाही. तरी त्याचं वागणं आपल्याला हलवतं, हा निष्कर्ष.

आता थांबून तीन गोष्टी बघा.

पहिली, मोजलं कसं? ‘पुन्हा वापरणं’ ही कल्पना. डेटात ती आणायची तर डोळ्यांना दिसणारी खूण लागते. खोली साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नोंदी केल्या. दाराच्या हुकवर किंवा मुठीवर टांगलेला टॉवेल ‘पुन्हा वापर’ म्हणून धरला नाही, कारण कार्ड न वाचताही माणूस सवयीने तिथे टॉवेल टांगतो. एवढीशी अट, पण सगळा प्रयोग तिच्यावर उभा आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘जागरूकता’, ‘समाधान’, ‘सक्षमीकरण’ असे शब्द असतील तर स्वतःला विचारा: माझी दांडी कुठली आणि दाराचा हुक कुठला?

दुसरी, मोजलं कोणाला? किमान दोन रात्री राहणाऱ्यांनाच. साहजिक आहे, दुसरा दिवस उजाडल्याशिवाय टॉवेल ‘पुन्हा’ वापरणार कसा? म्हणजे एका रात्रीचा पाहुणा या संशोधनात नाहीच. कार्ड त्याच्याही बाथरूममध्ये आहे, तो ते वाचतोही, पण त्याच्याबद्दल हा प्रयोग काहीच बोलत नाही. मागच्या भागातलं गणित आठवा. आगमनांच्या हिशेबाने हे लोक किती मोठा हिस्सा असू शकतात!

तिसरी, दुसरीकडे केल्यावर काय झालं? गेर्ड बोनर आणि लेना श्ल्यूटर यांनी जर्मनीतल्या दोन हॉटेलांत हाच प्रयोग थोडा वाढवून पुन्हा केला आणि २०१४ साली निकाल छापला. तिथे टॉवेल पुन्हा वापरण्याचं प्रमाण मुळातच जास्त निघालं. कार्ड अजिबात नसण्यापेक्षा कुठलंही कार्ड असणं बरं, हे दिसलं. पण ‘बाकीचे पाहुणे वापरतात’ हे कार्ड साध्या पर्यावरणाच्या कार्डापेक्षा सरस ठरलं नाही.

मग पहिला प्रयोग खोटा का? इथे नवखे संशोधक घाई करतात. जिथे बरेच लोक आधीच टॉवेल टांगतात, तिथे ‘इतरही टांगतात’ हे सांगून फार वाढ व्हायला जागा उरत नाही. देश वेगळा, हॉटेल वेगळं, शब्द वेगळे. पुढे २०१६ साली बेंजामिन शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी असे विखुरलेले प्रयोग एकत्र करून बेझियन पद्धतीने तपासले. एकेकटे पाहिले तर परस्परविरोधी वाटणारे निकाल एकत्र ठेवल्यावर सामाजिक संदेशाच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम पुरावा देतात, असं त्यांना दिसलं. शिकायचं ते हे: एक प्रयोग म्हणजे निकालपत्र नव्हे, एक साक्ष. उलट साक्ष आली म्हणून पहिला साक्षीदार आपोआप खोटारडा ठरत नाही. दोघांनी कुठून, काय पाहिलं ते विचारावं लागतं.

हाच प्रयोग आपल्याकडे करायचा म्हटलं तर? एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर किंवा तीर्थक्षेत्राच्या भक्तनिवासात माणूस आपला पंचा पिशवीतून घेऊन येतो. तिथे ‘टॉवेलचा पुनर्वापर’ मोजायला गेलात तर शंभर टक्के येईल, आणि त्याचा अर्थ शून्य असेल. बाहेरची प्रश्नावली भाषांतर करून जशीच्या तशी वाटणाऱ्यांनी हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

४. झोप: पहिल्या रात्री मेंदू काय करतो?

नव्या जागी झोप लागत नाही, हे सांगायला संशोधक कशाला हवा? आजीसुद्धा सांगेल की जागा बदलली, झोप लागायची नाही. पण आजीचं निरीक्षण संशोधन कसं बनतं, ते बघण्यासारखं आहे.

१९६६ साली ॲग्न्यू, वेब आणि विल्यम्स यांनी ४३ जणांच्या प्रयोगशाळेतल्या सलग चार रात्रींच्या मेंदूलहरींच्या नोंदी तपासल्या. पहिल्या रात्री लोक जास्त वेळा जागे झाले, स्वप्नांची मानली जाणारी आरईएम झोप कमी झाली, गाढ झोप उशिरा लागली. दुसऱ्या रात्रीपासून गाडी रुळावर. याला ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ असं नाव पडलं. मग झोपेच्या संशोधकांनी व्यवहारी मार्ग काढला: पहिली रात्र सरावाची म्हणायची आणि तिचा डेटा बाजूला ठेवायचा.

पुढची कित्येक वर्षं ती रात्र म्हणजे डेटातला कचरा होता. मग अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि सहकाऱ्यांनी विचारलं, हा कचरा आहे तरी काय? २०१६ साली त्यांनी उत्तर छापलं. प्रयोगांत मिळून ३५ जण होते. पहिल्या रात्री गाढ झोपेत मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा कमी गाढ झोपलेला आढळला, तोही मेंदूतल्या एका ठरावीक जाळ्यात. मग झोपेत मध्येच वेगळा आवाज ऐकवला. कमी झोपलेल्या बाजूने त्याला जास्त जोरात प्रतिसाद दिला आणि माणूस लवकर जागा झाला. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत हा फरक नाहीसा झाला. डॉल्फिन आणि काही पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, हे आधीच माहीत होतं. माणसातही त्याची फिकट छटा असावी, असं हे संशोधन सुचवतं. जणू अर्धं घर झोपलंय आणि एक जण ओट्यावर राखणीला बसलाय.

यातून दोन धडे. एक, एकाचा गोंगाट तो दुसऱ्याचा प्रबंध असू शकतो. तुमच्या विषयातल्या पेपरांमध्ये ‘हे वगळले’ असं कुठे कुठे लिहिलंय ते शोधा. वगळलेल्यात प्रश्न दडलेले असतात.

दोन, निष्कर्ष ताणू नका. ‘कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री हॉटेलमध्ये झोपल्याने पेपर वाईट जातो’ असं या प्रयोगातून निघत नाही. तो प्रयोगशाळेत झाला, हॉटेलमध्ये नाही. मोजली ती मेंदूलहर, सादरीकरण नव्हे. मधल्या प्रत्येक पायरीसाठी वेगळा पुरावा लागेल.

पण एक सुंदर प्रश्न मात्र निघतो. एका रात्रीच्या पाहुण्याला फक्त पहिलीच रात्र मिळते. दुसरी येतच नाही. आणि साखळी हॉटेल तर म्हणतं, आमची खोली तुम्हाला कुठेही नवी वाटणार नाही. मग एकाच साखळीत वारंवार राहणाऱ्या माणसाच्या मेंदूला दुसऱ्या शहरातली तशीच खोली ‘नवी’ वाटते की ‘ओळखीची’? तुलना अशी मांडता येईल: स्वतःचं घर, कधीच न पाहिलेलं हॉटेल, आणि ओळखीच्या साखळीचं दुसऱ्या शहरातलं हॉटेल. तिसऱ्या ठिकाणचा फरक घरासारखा निघतो की परक्या हॉटेलसारखा? हॉटेलांची जाहिरात बोलते त्या ‘घरपणा’ची परीक्षा इथे ईईजीने घेता येईल.

५. चेक-आऊट: ही जागा कोणाची?

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी १९९२ साली एक पुस्तक लिहिलं आणि विमानतळ, महामार्ग, मोठी दुकानं, साखळी हॉटेलं अशा जागांना ‘नॉन-प्लेस’ म्हटलं. आपण ‘अ-स्थळ’ म्हणू. तिथे माणूस येतो, कार्ड दाखवतो, थोडा वेळ थांबतो, निघून जातो. तिथे नाती बनत नाहीत, इतिहास साठत नाही. खोलीतून बॅग ओढत निघताना हे अगदी पटतं. मी गेले, चादर बदलली, माझी खूण संपली.

पण चादर बदलली कोणी? पाहुण्यासाठी जी जागा बारा तासांची, ती सफाई करणाऱ्या बाईसाठी वर्षानुवर्षांची नोकरी आहे. तिच्या तिथे मैत्रिणी आहेत, भांडणं आहेत, पाठदुखी आहे. युरोपात अनेक हॉटेलांत हे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे असतं. पॅरिसमधल्या बातिन्योल भागातल्या इबिस हॉटेलच्या सफाई कामगारांनी जुलै २०१९ मध्ये संप पुकारला. त्यांचा लढा मे २०२१ मध्ये करार होईपर्यंत चालला. तासाला किती खोल्या साफ करायच्या हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. त्यांच्यापैकी राशेल केके २०२२ साली फ्रान्सच्या संसदेत निवडून गेल्या. ज्या जागेतून खासदार घडते, तिला इतिहास नाही असं कसं म्हणायचं?

म्हणून ओजे चुकले असं म्हणायची गरज नाही. ते प्रवाशाच्या नजरेने पाहत होते. संशोधनात विचारायचं ते हे, की मी कोणाच्या नजरेने पाहतेय, आणि त्या नजरेला काय दिसत नाही? हॉटेलचा मालक खोल्या मोजतो, सरकार रात्री मोजतं, कामगार तासाला किती खोल्या ते मोजतो. एकच इमारत, तीन एककं. टॉवेलच्या प्रयोगाकडेही असं पुन्हा पाहता येतं. नोंदी कर्मचाऱ्यांनी केल्या, पण टॉवेल कमी बदलावे लागले तर त्यांचं काम हलकं झालं का, की तेवढ्याच वेळात खोल्या वाढल्या? इथे प्रश्नावली कमी पडते. दिवसेंदिवस सोबत राहावं लागतं, भाषा शिकावी लागते, विश्वास कमवावा लागतो. आणि सांगणाऱ्या बाईची नोकरी आपल्या प्रबंधामुळे धोक्यात येणार नाही ना, हे आधी पाहावं लागतं. यूजीसीने २०१९ पासून कोर्सवर्कमध्ये संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा पेपर सक्तीचा केला, तो अशाच वेळी कामाला येतो. तो नुसता पास व्हायचा पेपर समजू नका.

आता तुमची पाळी

बघा, एका रात्रीतून अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, मेंदूविज्ञान आणि मानववंशशास्त्र असे पाच रस्ते निघाले. विषय प्रत्येक वेळी तोच होता. बदलला तो प्रश्न, आणि प्रश्नासोबत पद्धत बदलली. ‘मला क्वालिटेटिव्ह करायचंय’ किंवा ‘मला डेटा सायन्स वापरायचंय’ असं आधी ठरवून मग प्रश्न शोधणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

तुम्ही युरोपला जायची वाट बघू नका. रेशन दुकानातली रांग, लायब्ररीतली रीडिंग रूम, मेसचा डबा, लोकलचा पास, काहीही चालेल. एक प्रसंग घ्या, त्यातून पाच प्रश्न काढा आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहा.

एक: मी मोजतेय ते नेमकं काय? माणूस, रात्र, खोली की रुपया?

दोन: माझ्या मोजमापात कल्पनेची डोळ्यांना दिसणारी खूण कुठली, आणि तिच्यासारखी दिसणारी फसवी खूण कुठली?

तीन: या मांडणीतून कोण आपोआप बाहेर राहतं?

चार: काय आढळलं तर मी माझा अंदाज सोडून देईन?

चौथ्या ओळीवर पेन अडलं, तर तुमच्याकडे अजून मत आहे, प्रश्न नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण तो कागद गाईडकडे नेऊ नका. आणखी दोन दिवस घासा. चारही ओळी ज्या प्रश्नाखाली भरल्या जातील, तो घेऊन जा. सिनॉप्सिसची पहिली दोन पानं तिथेच तयार झालेली असतात.